गोखल्यांचे पडलेले विधेयक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९ फेब्रुवारी हा नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा स्मृतिदिन. त्याच दिवशी शिवजयंती असते, त्यामुळे गोखल्यांच्या वाट्याला फार तर दोन ओळी येतात : 'मवाळ नेते' आणि 'गांधीजींचे राजकीय गुरू'. प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवताना मीही वर्गात याहून अधिक काही सांगितले नाही, याची आज खंत वाटते.

गोखले मवाळ होते ते भाषेत, मागण्यांत नव्हे. १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना ते सरकारचेच आकडे सरकारपुढे टाकत. मिठावरचा कर कमी करण्याची मागणी त्यांनी सतत लावून धरली. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. श्रेय एकट्या त्यांचे नसेल, पण गरिबाच्या चिमूटभर मिठाचा हिशेब तिथे इतक्या नेटाने मांडणारे दुसरे नाव चटकन आठवत नाही.

मला मुख्यतः लिहायचे आहे ते १६ मार्च १९११ रोजी त्यांनी मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाबद्दल. मागणी अगदी बेताची होती. जिथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण बऱ्यापैकी आहे, तिथे नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचे करता यावे. मुलींचा विचार पुढे व्हावा. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ज्या पालकाची कमाई महिन्याला दहा रुपयांच्या आत आहे, त्याच्या मुलाला फी पडू नये.

हे दहा रुपयांचे कलम वाचताना मी थांबलो. कोकणातल्या कोतळूकचा हा मुलगा, म्हणजे खुद्द गोखले, वडिलांमागे शिकला तो थोरल्या भावाच्या, गोविंदरावांच्या जिवावर. गोविंदरावांना पगार पंधरा रुपये. त्यातले आठ ते धाकट्याच्या शिक्षणासाठी धाडत. उरलेल्या सात रुपयांत घर कसे चालते, हे गोखल्यांना कुणी शिकवायला नको होते.

गेल्या वर्षी शेजारच्या एका बाईंबरोबर मी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत प्रवेशासाठी कागदपत्रे तपासायला गेलो होतो. उत्पन्नाचा दाखला त्यांनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घालून आणला होता. घडीवर कागद फाटेल म्हणून तो उलगडताना त्यांची बोटे थरथरत होती. खिडकीपाशी एवढेच ऐकू आले, "ताई, हा जुना झाला, नवा आणा." पुन्हा तहसील, पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडाली. मला त्या क्षणी दहा रुपयांचे ते कलम आठवले.

१९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले. विरोधात सरकारी सभासद होते, तसे काही भारतीय सभासदही होते. ते पडणार हे गोखल्यांना ठाऊक होते आणि सभागृहात त्यांनी तसे सांगितलेही; आमच्या पिढीने अपयशातूनच देशसेवा करायची आहे, असे ते म्हणाले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण त्याआधीच सुरू केले होते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी ते करवीर संस्थानात आणले. गोखल्यांचे बालपण गेले ते कागल त्याच मुलखातले, पण हे पाहायला ते उरले नव्हते. साऱ्या देशासाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले.

माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. येत्या १९ मार्चला आपल्या अंकात त्या विधेयकावरील गोखल्यांच्या भाषणाचा मराठी अनुवाद छापावा, निदान अर्धे पान तरी. त्याच सुमारास शाळाप्रवेशाची धावपळ चालू असते. तो अंक मी आमच्या जुन्या शाळेच्या सूचनाफलकावर लावून येईन.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, पुणे