रेघ वेगळी, चीर वेगळी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या स्वयंपाकघर आवरण्याच्या लेखात 'करड्या रेघा उमटलेल्या चिनी मातीच्या बशा टाकून द्याव्यात' असं वाचलं आणि राहवलं नाही. ३० वर्षं भांडी घासतेय, अशा बशा मीही टाकल्यात, म्हणून लिहिते.

त्या रेघा बहुधा ओरखडे नसतातच. सुरी-चमचा बशीवर घासला की स्टीलचा अंश तिथे राहतो, कागदावर पेन्सिल ओढावी तसा. बशीची झिलई स्टीलहून कठीण, म्हणून झिजतं ते स्टील. खाण्याचा सोडा चिमूटभर, पाण्याचे दोन थेंब, आणि ओल्या फडक्यानं गोल गोल चोळायचं. रेघ फिकी होत होत जाते. तारेची घासणी मात्र लावू नये, ती आणखी रेघा पाडते.

खरे ओरखडे पडतात फडताळात. बशी उलटी करून बुडाच्या कड्यावर बोट फिरवा, खरखरीत लागेल. भट्टीत बशी खाली चिकटू नये म्हणून तेवढी जागा बिनझिलईची ठेवतात. ती खरखर खालच्या बशीच्या तोंडावर बसते आणि थप्पीतली बशी ओढून काढली की काम झालं. मी मधे पेपर नॅपकिन घालते. (आपलं वर्तमानपत्र घालून पाहिलं होतं, त्याची शाई बशीला लागते.)

टाकायची ती चिरलेली बशी. नखानं वाजवून बघा: धड असेल तर खणखणते, चिरलेली बद्द वाजते. माझा मोठा वाडगा असाच बद्द वाजायचा, मी दुर्लक्ष केलं. एकदा त्यात उकळतं पाणी ओतलं आणि ओट्यावर सरळ दोन फाका.

लेखात मेलामाइनचं भारी कौतुक आहे. फुटत नाही, खरं. पण ते प्लास्टिक आहे, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही, आणि गरम व आंबट पदार्थ त्यात फार वेळ राहू द्यायचा नाही, हे त्याच वाक्यात यायला हवं होतं.

सोनेरी कडेचे कपही मायक्रोवेव्हमध्ये नकोत, ठिणग्या उडतात. आणि वर सांगितलेला सोडा त्या कडेला अजिबात लावू नका. सहापैकी दोन कपांचं सोनं मी तसंच घालवलं. ते आता साध्या पांढऱ्या कपांत मिसळून गेलेत.

आपली,
एक नियमित वाचक