हॅम्बुर्गला जाण्याआधी वाच

प्रिय मनू,

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली ते मी विचारत नाही. आई म्हणते ठेवला. बोलताना माझा आवाज चढतो आणि मग तुझाही चढतो, म्हणून हे टाइप करत बसलोय. पूर्ण वाच, मध्येच सोडू नकोस.

तू हॅम्बुर्गला चाललीयस याचा मला खूप आनंद झाला, पण ते बोलायचं राहूनच गेलं, कारण तू आधी हॉस्टेलचंच सांगितलंस. रेपरबानच्या, म्हणजे त्या रात्रभर चालणाऱ्या बार-क्लबच्या रस्त्याच्या, मागच्या गल्लीत, आणि एकटीच. स्वस्त मिळालं हे कळतं मला. स्वतःच्या पार्ट टाइमच्या पैशांतून जातेयस हेही कळतं, काल मी आत्याला फोन करून तेच सांगत होतो, कौतुकाने. पण तो एरिया मला माहितीये गं. शुक्रवार-शनिवार रात्री तिथे काय असतं ते आमच्या जहाजावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. असो. हॉस्टेलचा विषय आता काढत नाही.

माझं हॅम्बुर्ग म्हणजे एल्ब नदीच्या अलीकडचं, वॉल्टर्सहोफचं. क्रेन, कंटेनर आणि बारा महिने वारा. जहाज दीड-दोन दिवस धक्क्याला लागायचं आणि तेवढ्यात आम्हा इंजिनवाल्यांची सगळी कामं निघायची, त्यामुळे शहर दिसायचं ते पलीकडच्या काठावरचे दिवे म्हणून. तिथे खलाशांसाठी डुकडाल्बेन नावाचा क्लब आहे, 1986 सालापासून, जर्मन मिशनवाले चालवतात. त्यांची व्हॅन धक्क्यावरून न्यायला यायची. तिथूनच मी घरी फोन करायचो, म्हणजे जोश्यांच्या घरी, आणि आजीला बोलवून आणेपर्यंत कार्ड अर्धं संपायचं, उरलेल्यात ती नुसती रडायची. तू तेव्हा व्हायची होतीस. तू फोन उचलत नाहीस तेव्हा मला ते आठवतं, पण हे तुला ऐकवायला लिहीत नाहीये, ओघात आलं.

एकदा मी आणि जहाजावरचा सोबती सारंग मिळून एल्बच्या जुन्या टनेलमधून पलीकडे गेलो होतो. तो टनेल चुकवू नकोस. 1911 चा आहे, नदीच्या खालून चालत जायचं, 426 मीटर, आणि चोवीस मीटर खाली उतरायला मोठाल्या लिफ्ट, त्यात पूर्वी गाड्यासुद्धा उतरवायचे. चालायला पैसे पडत नाहीत. भिंतीला टाइल्स आहेत आणि मध्येमध्ये मातीत घडवलेली चित्रं, मासे, खेकडे, एका ठिकाणी जुना बूट आणि त्यावर उंदीर. सारंग त्या बुटासमोर बराच वेळ उभा होता. डोक्यावरून जहाजं जातायत आणि आपण खाली कोरडे, हे त्याला पटेचना. मग शोअर लीव्ह, म्हणजे जहाजावरून उतरायची सुट्टी, संपत आली म्हणून लांडुंग्सब्रुकेनला, शहराकडच्या धक्क्यावर, वर येऊन जेमतेम चहा घेतला आणि परत फिरलो. तू उलटी जा. लांडुंग्सब्रुकेनहून खाली उतर, स्टाइनवेर्डरला वर ये आणि तिथे उभी राहून शहराकडे बघ, अख्खा काठ एका नजरेत येतो, मिशेल चर्चचा मनोरा वगैरे सगळं.

बोट राइडवर पैसे घालू नकोस. 62 नंबरची फेरी फिंकेनवेर्डरला जाते, ती साधी सिटी ट्रान्सपोर्टची आहे, तुझं सेमिस्टर तिकीट चालेल. वरच्या डेकवर बस, टोपी घाल. यू थ्री मेट्रो बाउमवालच्या बाजूला पुलावरून धावते, तिथे बंदराकडच्या खिडकीत बस. एल्बफिलहार्मोनी, ते मोठं संगीत सभागृह, 2017 मध्ये सुरू झालं, माझ्या वेळी त्या जागी कोकोचं विटांचं गोदाम होतं आणि त्याच भिंतींवर त्यांनी ती काचेची इमारत चढवलीये. वर जायला 82 मीटरचा सरकता जिना आहे. श्पायखरश्टाट पण तिथून चालत होतं, कालव्यांवरची जुनी गोदामं, कॉफी, चहा, मसाल्यांची, आणि सगळं लाकडी खांबांवर उभं आहे. युनेस्कोच्या यादीत आहे 2015 पासून. ते संध्याकाळी बघ, दिवे लागल्यावर. म्हणजे संध्याकाळी, रात्री नाही. तिथून परत रेपरबानवरून एकटीने चालत जायचं नाही.

आणि मासळी बाजार. तू म्हणालीस रविवारी पहाटे जाणार. उन्हाळ्यात तो पाचला सुरू होतो, थंडीत सातला, आणि साडेनऊला संपतो. ओरडून ओरडून विकतात, अगदी आपल्या मिरकरवाड्यासारखं, आणि लिलावाच्या जुन्या हॉलमध्ये बँड वाजत असतो. पण शनिवारी रात्रभर प्यायलेली माणसं तिथेच येऊन रात्र संपवतात, आणि तुझ्या हॉस्टेलवरून त्याच रस्त्याने उतरायचं. तिथे डाविडवाखे पोलीस चौकी आहे, पोलीस फिरत असतात, वीकेंडला काचेच्या बाटल्यांवर बंदी आहे, हे सगळं मी वाचलंय. पण बंदी का आणावी लागली याचाही विचार कर ना. शिवाय वादळाचा इशारा असेल तर बाजाराकडे जायचंच नाही, नदीचं पाणी वर येतं. 1962 च्या फेब्रुवारीत त्या शहरात पुरात 315 माणसं गेली होती. समुद्र शंभर किलोमीटर लांब, तरी.

लेक्चर झालं. सॉरी. तू सव्वीसची आहेस, मी त्या वयात कुठे कुठे होतो ते आजीला अजून माहीत नाही. पण विन्याच्या वेळीही सगळे म्हणाले होते की त्याला कळतं. तेवढंच माझ्या डोक्यात फिरत राहतं.

आता माझं एक काम. हॅम्बुर्गच्या खाली वेडेल म्हणून गाव आहे, तिथे नदीकाठी विलकोम होफ्ट आहे. 1952 पासून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना सलामी देतात, झेंडा खाली करून वर घेतात आणि ज्या देशाचं जहाज त्या देशाचं राष्ट्रगीत लाउडस्पीकरवर लावतात. आमच्या जहाजावर तिरंगा होता. पण नदीतून वाट दाखवणारा पायलट जहाजावर चढला की आम्ही खाली इंजिन रूममध्ये स्टँडबायला, कानावर मफ, वरचं काही ऐकू येत नाही. सारंग जेवताना सांगायचा, आज जन गण मन वाजलं रे, अंगावर काटा आला. मी कधीच ऐकलं नाही. तू जा आणि कुठल्याही देशाचं जहाज आलं तरी उभी राहून ऐक, मला रेकॉर्ड करून पाठव. आणि आल्स्टर तलावाकाठी हॉटेल अटलांटिक आहे, बाहेरूनच बघ, 11 सप्टेंबर 1942 ला तिथे ऑर्केस्ट्राने जन गण मन वाजवलं होतं, सुभाषबाबू स्वतः हजर होते. आपलं राष्ट्रगीत ठरायच्या सात वर्षांहून जास्त आधी. हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. इतक्या वेळा त्या नदीतून गेलो आणि कळलं नाही.

वेडेलला एस वन लोकल जाते, पुढे बस आहे. ही एस वन अल्टोनावरून जाते, लांडुंग्सब्रुकेनलाही तीच. अल्टोनाला हॉस्टेल आहेत, मी काल रात्री बघून ठेवलीत, थोडीच महाग पडतात. वरचे पैसे मी आजच टाकतो, परत करायचे नाहीत आणि हिशोबही द्यायचा नाही. लोकेशन चालू ठेव, आईला नको, मला पाठव, तिला काय सांगायचं ते मी बघतो.

बाबा

ता.क. बुकिंग बदललंस की नुसता अंगठा टाक. बोलायचा मूड नसला तरी चालेल.