देवलापारच्या धुऱ्यावरील पालीविषयी

नागपूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

देवलापारच्या शेतात मजुरांनी मारलेल्या प्राण्याचा तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ती बिबटी पाल आहे, बहुधा सातपुड्याची. झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली स्वतंत्र जात म्हणून नोंदवलेली. ती चावली की माणूस पाणीही मागत नाही, असे मजूर म्हणाले म्हणे. जगातली कोणतीही पाल विषारी नाही, हे त्यांना न रागावता सांग.

फोटोत तिचा डोळा अर्धवट मिटलेला आहे, तो नीट पाहा. घरातल्या पालीला पापण्या मिटता येत नाहीत, ती जिभेने डोळे पुसते. हिला मात्र मिटणाऱ्या पापण्या आहेत. भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या हिच्या बोटांखाली नसतात, म्हणून हिचे सारे आयुष्य जमिनीवर, दगडांच्या आडोशाने जाते. पेंचच्या बाजूला एका पावसाळी रात्री टॉर्चच्या उजेडात मी ती जिवंत पाहिली आहे: पोट जमिनीपासून उचललेले, आणि वर वळवलेली जाड शेपटी संथपणे डावीउजवीकडे हलत असलेली. त्या शेपटीत चरबी साठवलेली असते आणि किडेमुंग्या मिळेनाशा झाल्या की त्यावरच ती दिवस काढते. शेपटी तोडून तिचा जीव वाचतो खरा, पण पुंजी जाते. नवी येते ती आखूड, फुगीर आणि आधीची नक्षी नसलेली.

आता धुऱ्याकडे येतो, कारण पत्राचे खरे कारण तेच आहे. तो दगडगोट्यांचा उतार जेसीबी लावून सपाट करण्याचा तुझा विचार आहे. आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको. त्या उन्हात दगडाखालची थोडी ओलच तिला तारते. घरातल्या पालीची कडक कवचाची अंडी भिंतीच्या कोरड्या फटीतही टिकतात. बिबट्या पालींची मादी मात्र एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते, आणि ती मऊ, चामड्यासारख्या कवचाची अंडी भोवतालची ओल शोषून घेतात. हिची वायव्येकडची बहीण जगभर पाळली जाते. तिच्या अंड्यांवरच्या प्रयोगांत सुमारे २६ अंशांना बहुतेक माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर आणि त्याहून अधिक उष्णतेत पुन्हा माद्या निपजल्या. दगड गेले की मातीची ओल आणि उष्णता दोन्ही बदलतात, आणि त्याबरोबर असल्या अंड्यांचे भवितव्यही.

म्हणून माझी विनंती आहे, की विहिरीकडची बाजू खुशाल सपाट कर, पण वरचा उतार दगडांसकट तसाच राहू दे, आणि उन्हाळ्यात धुऱ्यावरचे गवत पेटवू देऊ नकोस. पुतण्याला ती पाळायची हौस असली तरी रानातून उचलून आणू नये. रात्री टॉर्च घेऊन तिथेच दाखव, त्याला जास्त आवडेल.

जेसीबीवाल्याला बोलावण्याआधी मला फोन कर. मी येईन आणि कोणते दगड हलवायचे नाहीत त्यांवर चुन्याने खुणा करून देईन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश