हिशेब लिहिणे वेगळे, ऑडिटची सही वेगळी

संपादक महोदय,

निकालांचे दिवस आले की क्लासेसच्या जाहिराती सुरू होतात. ‘सहा महिन्यांत ऑडिटर व्हा’ ही त्यातलीच एक वाचून आमच्या इंदिरानगरमधल्या शेजारच्या मुलीने पैसे भरले. बी. कॉम. झालेली, वडील अंबडच्या कारखान्यात. टॅली आणि जीएसटी तिने मन लावून शिकले. प्रमाणपत्र मिळाल्यावर पेढे घेऊन आली आणि म्हणाली, “काकू, आता मीही तुमच्यासारखं पतसंस्थांचं ऑडिट करणार.” त्या कागदाच्या बळावर एकाही संस्थेच्या ऑडिट अहवालावर सही करता येत नाही, हे तिला मला सांगावे लागले. तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मी सहकारी संस्थांची प्रमाणित लेखापरीक्षक आहे. निफाड-दिंडोरीकडच्या विकास सोसायट्या आणि शहरातल्या पतसंस्था तपासते. कीर्द-खतावणी (रोजच्या नोंदी आणि खाती) लिहून तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या जमा-नावे बाकींचा ताळा, जुळवणे हे हिशेबनिसाचे कसब, आणि ते मोलाचेच आहे. पण आमचे काम तेरीज जुळल्यानंतर सुरू होते. शाखा उघडताच तिजोरीतली रोकड मोजायची, सोनेतारणाच्या पिशव्या नोंदवहीशी ताडून पाहायच्या, कर्जखात्यावरची बाकी मान्य आहे का हे खुद्द सभासदाला विचारायचे. एका संस्थेत पै न पै जुळत होती. सभासदांना पत्रे गेली, तेव्हा दोघे जण आले आणि म्हणाले, “आम्ही कर्ज घेतलंच नाही.” असा अपहार निघाला की सहकारी संस्थांच्या निबंधकांना विशेष अहवाल द्यायचा आणि त्यांच्या लेखी परवानगीने पोलिसांत फिर्यादही लेखापरीक्षकानेच द्यायची, असे महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यातले कलम ८१ सांगते. सहीमागे एवढी जबाबदारी असते.

म्हणूनच सही कोणाची, हे कायद्याने ठरवून दिले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीच्या वैधानिक, म्हणजे कायद्याने सक्तीच्या, ऑडिटवर प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचीच (चार्टर्ड अकाउंटंटचीच) सही चालते. सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबांची तपासणी, करतात; ही सही त्यांना करता येत नाही. आणि ज्या कंपनीचे ऑडिट करायचे, तिचे हिशेब लिहून देण्याचे काम त्या सीएलाही घेता येत नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदेचे हिशेब तपासणारे स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाचे लोक स्पर्धा परीक्षेतून येतात. त्यांना सीए असण्याची अट नाही.

आमची वाट सहकार खात्याच्या जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबशास्त्राची शासकीय पदविका) परीक्षेतून जाते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ती मराठीतून देता येते. शेजारच्या मुलीला हे कोणी सांगितलेच नव्हते! अर्थात पदविका हाती आली म्हणजे झाले, असेही नाही. संस्थांच्या ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, मग शासनाच्या नामतालिकेत, म्हणजे मान्य लेखापरीक्षकांच्या यादीत, नाव यावे लागते. त्याला सहा महिन्यांचा रस्ता नाही.

आपल्या करिअर पुरवणीत प्रत्येक अभ्यासक्रमापुढे एक ओळ छापावी, ही कळकळीची विनंती: हे शिक्षण पूर्ण केल्यावर कोणत्या अहवालावर सही करता येते? जाहिरात देणाऱ्या क्लासेसकडूनही तीच ओळ लिहून घ्यावी.

– एक प्रमाणित लेखापरीक्षक, इंदिरानगर, नाशिक