टेबल चार इंच वर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ऑफिसातली माणसं इतकी चांगली आहेत की काही मागायचं जिवावर येतं." तू हसून सोडून दिलंस, पण मला ते बोलणं खटकलं. टेबल बुटकं, व्हीलचेअरचे हात त्याखाली जात नाहीत, म्हणून तू दिवसभर पुढे झुकून टाइप करतेस आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. तरी सांगायचं नाही. का, तर त्यांनी आधीच रॅम्प केलाय आणि येण्याजाण्याची वेळ तुझ्या सोयीची केलीय!

खडूस माणसांशी निदान भांडता तरी येतं. चांगल्या माणसांची भीड पडते. मग त्या भिडेपोटी माणूस उशिरापर्यंत थांबतो, आजारपणाची रजा घेत नाही, दुसऱ्याचं काम अंगावर घेतो. तू तेच करतेयस असा मला संशय आहे.

बांधकामावर आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, ज्यानं जिना बांधला त्यानं चालणाऱ्यांची सोय केली. रोज जिना चढताना कुणी आभार मानतं का? रॅम्पही तसाच, इमारतीचा एक भाग. एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा त्याचा हिशेब. ती लांबी दिली नाही तर तो रॅम्प नसून घसरगुंडी. आणि खुर्चीचं म्हणशील तर ऑफिसनं प्रत्येकाला खुर्ची दिली, तुझी मात्र तू घरून आणलीस. म्हणजे त्यांची एक खुर्ची वाचलीच.

संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्यातलं 27 वं कलम रोजगाराबद्दल आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच, असं त्या करारात स्पष्ट म्हटलंय. 'वाजवी' म्हणजे मालकावर न पेलणारा बोजा पडणार नाही इतपत. टेबल चार इंच वर उचलणं कुणाला पेलणार नाही? जमिनीपासून खुर्चीच्या हातापर्यंत पट्टीनं माप घे, त्यात दोन बोटं मिळव. चार लाकडी ठोकळे, वरून खाच पाडलेले, म्हणजे टेबलाचे पाय घसरणार नाहीत. ठोकळे मी इथून कापून पाठवू शकतो, पण पाठवणार नाही. ते काम ऑफिसचं आहे.

सांगायचं ते लेखी सांग, आणि तीन ओळींत: काय अडतंय, काय बदलायला हवं, कधीपर्यंत. "जमलं तर बघा" असलं काही लिहू नकोस. मणक्याचा इतिहास, ऑपरेशनं, रिपोर्ट यातलंही काही लिहू नकोस. त्यांना तुझ्या कामाशी देणंघेणं आहे, एक्स-रेशी नाही. आणि हो, दर अर्ध्या तासाला अंग उचलून बसण्याची जागा बदलायची, हे मीटिंगमध्येसुद्धा. त्याची लाज कसली? प्रेशर सोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, झाला तर आठवडेच्या आठवडे पडून राहावं लागतं, हे तुला मी सांगायला नको.

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्सची गोष्ट तुला माहीत असेल. पोलिओनं मानेखाली जवळपास सगळं शरीर लुळं पडलेलं, श्वासासाठी यंत्र. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्यानं त्याला शिक्षणासाठी मदत द्यायची वेळ आली तेव्हा शेरा मारला, हा नोकरी करण्याच्या पलीकडचा आहे. 1970 च्या दशकात तोच माणूस त्याच खात्याचा प्रमुख झाला. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यात निराळंच दिसतं. मधल्या काळात त्याचं शरीर काही सुधारलं नव्हतं. बदललं ते भोवतालचं.

आता एक गोष्ट जी तू फोनवर सहज बोलून गेलीस आणि मला रात्री झोप लागली नाही. आगीचा सराव झाला, तेव्हा "तू बस, तुला कशाला त्रास" म्हणून तुला जागेवरच ठेवलं. माणसं प्रेमानं म्हणाली, मान्य. पण खरी आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. तेव्हा चौथ्या मजल्यावरून तुला खाली कोण आणणार, जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची आहे का, ती वापरायला कुणी शिकलंय का, धुरापासून आडोसा असलेली थांबायची जागा कुठली? हे सगळं आधी ठरलेलं हवं. एकाच माणसाच्या भरवशावर राहू नकोस, तो नेमका त्या दिवशी रजेवर असायचा. पुढच्या सरावात तुला उतरवायलाच लाव. त्यातच चुका कळतात.

मागून येऊन न विचारता खुर्ची ढकलणाऱ्या त्या भल्या गृहस्थाला एकदा हसून सांग, फार विचार करू नकोस.

त्यापेक्षा गंभीर गोष्ट आहे ती कामाची वाटणी. ग्राहकाकडे जायचं काम आलं की तुझं नाव आपोआप गळतं, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. कुणाच्या मनात वाईट नसेल. पण बढतीच्या वेळी "हिला बाहेरचा अनुभव नाही" असं म्हणणारी हीच माणसं असतील. घरून काम करतेस त्या दिवसांचंही तसंच, महत्त्वाचं बोलणं तू समोर नसताना होऊन जातं. म्हणून पुढची भेट ठरताना यादीत नाव घालायला सांग. तिथलं दार तुझ्या खुर्चीइतकं रुंद आहे का, आत खुर्ची वळायला दीड मीटर मोकळी जागा आहे का, टॉयलेट कुठल्या मजल्यावर आहे, हे निघायच्या आधी फोन करून विचारून घ्यायला मॅनेजरला सांग. तू विचारत बसू नकोस, त्यांनाही सवय लागू दे.

आई आशीर्वाद सांगते. तिला वेगळं पत्र लिही, माझ्या पत्रात तिची वाटणी करू नकोस म्हणते.

तुझा,
बाबा