‘तेवढी सिगारेट तरी राहू द्या की’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवार पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. नैराश्यावरच्या गोळ्या नेणाऱ्यांत शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली तरुण पोरं अलीकडे बरीच दिसतात. चिठ्ठी घेऊन येते ती बहुतेकदा आई. पोरगा बाहेर गाडीवर बसून सिगारेट ओढत असतो. (सुट्या सिगारेटला राज्यात २०२० पासून बंदी आहे. समोरच्या टपरीला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.) ती सोडायला सांगा म्हटलं, की उत्तर ठरलेलं : “आदीच त्येचं मन थाऱ्यावर न्हाई. तेवढी सिगारेट तरी राहू द्या की ओ!”

आईची माया कळते. पण मन सावरायचं असेल तर सिगारेटला अशी सवलत देऊन चालत नाही. धूर ओढला की निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, बरं वाटतं. दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि चिडचिड, तगमग, उदासी सुरू होते. पुढची सिगारेट तेवढी तगमग शमवते आणि पोराला वाटतं, हिनंच आपलं दुःख हलकं केलं. सावकारानं खिसा रिकामा करून चहापुरते पैसे हातावर ठेवावेत, तसला हा व्यवहार. उदास माणूस जास्त ओढतो हेही खरंच. तरीही २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या २६ अभ्यासांच्या आढाव्यात, सिगारेट सोडलेल्यांचं नैराश्य आणि चिंता ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेली दिसली. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही.

पहिला आठवडा मात्र वाईट जातो. झोप उडते, मन आणखी खचतं. घरचे घाबरतात आणि स्वतःच पाकीट आणून देतात! हा त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. निकोटीनचं च्युइंगम मिळतं, पण पोरं ते भराभर चावतात आणि पोटात जळजळतं म्हणून तक्रार घेऊन येतात. थोडं चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं.

डॉक्टरांना सांगूनच सोडा, हे मात्र बजावून सांगतो. ओलान्झापिन, क्लोझापिनसारखी मानसिक आजारांवरची काही औषधं धुरामुळे शरीरातून लवकर निघून जातात. सिगारेट बंद झाली की तोच डोस जास्त पडू शकतो. गोळ्या परस्पर कमी करू नयेत. आणि डॉक्टरांना विनंती, नैराश्याचा रुग्ण समोर बसला की ‘दिवसाला किती ओढतोस?’ हे विचारून चिठ्ठीवर लिहावं. म्हणजे आम्हालाही काउंटरवर दोन शब्द बोलता येतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६, दोन्ही नंबर फुकट आहेत.

एक औषधविक्रेता,
मंगळवार पेठ, कोल्हापूर