संडासातली ती सीट आता बदलूया

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पुण्याला पोचल्याचं फोनवर सांगितलं, पण जे खरं बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तो विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, आणि आई म्हणते चालतंय गं, तू काळजी नको करू. म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय, अक्षर मोठं करून वाचा, नाहीतर शेजारच्या दादाला सांगा, तो प्रिंट काढून देईल.

विषय आपल्या कमोडच्या सीटचा आहे.

दिवाळीत आठ दिवस होते तेव्हा रोज रात्री मला टक्क असा आवाज यायचा, दोनदा, कधी तीनदा. आधी वाटलं मागचं दार आपटतंय, पण तिसऱ्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकून बघितलं तर सीटला उजवीकडे आरपार भेग, त्यावर बाबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीये आणि वरून काळी टेप. बाबा, काम नेहमीसारखं नीटच केलंय तुम्ही, पण पट्टी वजन पेलत नाही हो, बसलं की भेग उघडते आणि उठलं की मिटते, आणि मिटताना मधे कातडी सापडते. आई, तुझ्या मांडीवर तो काळानिळा डाग होता तो तू कॉटचा कोपरा लागला म्हणालीस. मी तेव्हा मान्य केलं. भेग बघितल्यावर कळलं तो कशाचा होता, आणि मला फार वाईट वाटलं, इतकं की निघेपर्यंत तुझ्याशी ते बोलताच आलं नाही.

आणि बाबा, तुम्ही संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही हेही मी बघितलं. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्या सांगितलंय आणि तुम्ही रात्री उठायला लागू नये म्हणून तहान मारताय, कारण अंधारात त्या हलणाऱ्या सीटवर बसायची धास्ती वाटते. तुम्ही हे बोलला नाहीत, पण तांब्या सकाळी भरलेलाच असतो. पाचशे-हजाराच्या वस्तूपायी माणूस पाणी सोडतो हे मला सहन होत नाहीये, म्हणून प्लीज हे "बघू"वर टाकू नका.

ती तुटली का तेही सांगते म्हणजे परत तसंच होणार नाही. सीटच्या खालच्या बाजूला चार रबरी बटणं असतात, ती पॉटच्या काठावर टेकतात आणि वजन काठावर जातं. आपल्या सीटची बटणं काठावर टेकतच नाहीत, कारण सीट पॉटपेक्षा आखूड आहे, गेल्या वेळी प्लंबरने जी मिळाली ती लावून दिली. पुढची दोन बटणं आतल्या बाजूला लोंबकळतायत आणि उजवीकडचं तर गळूनच पडलंय. मग सगळा भार मागच्या बिजागरीवर आणि मधल्या प्लास्टिकवर, ते रोज वाकणार आणि एक दिवस चिरणारच. म्हणजे तुमच्या वजनाचा यात काही दोष नाही बाबा, आई तुम्हाला जे बोलते ते मनावर घेऊ नका. माप चुकलं होतं.

म्हणून आधी माप. हे बाबांचं काम, बिजली बोर्डात इतकी वर्षं मीटरचं रीडिंग घेतलेल्या माणसाला मी काय शिकवणार, फक्त काय काय मोजायचं तेवढं सांगते. पॉटच्या मागच्या बाजूला सीट बसवायची दोन भोकं असतात, त्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत किती मिलिमीटर. मग त्या दोन भोकांच्या मधोमध एक बिंदू धरायचा आणि तिथून पॉटच्या अगदी पुढच्या टोकापर्यंत किती. मग पॉट जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे बाहेरून बाहेर किती. आणि भोकांच्या मागे फ्लश टँकपर्यंत किती जागा आहे, नाहीतर झाकण टँकला अडतं आणि उभं राहतच नाही, ते सारखं पाठीवर पडतं. सगळं मिलिमीटरमध्ये, इंचात नको. बाबा तुम्ही खाली वाकू नका, टेप दादाला धरायला लावा आणि तुम्ही आकडे वाचा.

आकडे आले तरी आकार वेगळा असू शकतो हे मी इथे माझ्या फ्लॅटमध्ये अनुभवलं. लांबी-रुंदी बघून ऑनलाइन सीट मागवली, आली तर ती अंडाकृती आणि पॉट पुढे चौकोनी गोलाईचं, इंग्रजी डी अक्षरासारखं, दोन्ही कोपरे उघडे राहिले आणि सीट परत पाठवावी लागली. म्हणून तुम्ही असं करा, रद्दीतला नईदुनिया पेपर घ्या, दोन पानं चिकटवा, पॉटवर पसरा आणि काठाच्या बाहेरून पेन्सिलीने आखून घ्या, भोकंही टोचून घ्या, मग कात्रीने कापा. आई, ब्लाउजचं माप कापून घेतेस तसंच. तो कागद घेऊन दुकानात गेलात की प्रश्नच मिटला, सीट त्यावर ठेवून बघायची. दुकानदार म्हणेल, "बाबूजी, सब एक ही साइज़ आता है, ले जाओ", तर ऐकू नका, कागद बाहेर काढा. पॉटवर कंपनीचं नाव छापलेलं असतं, मागे बिजागरीजवळ नाहीतर खाली बाजूला, त्याचा फोटोही ठेवा, त्याच कंपनीची त्या मॉडेलची सीट मिळाली तर सगळ्यात बरं. सियागंजच्या बाजारापर्यंत जायची गरज नाही, अन्नपूर्णा रोडच्या दुकानांत बघा, ऑटोने जा, बाबांनी स्कूटर काढायची नाही. आणि हो, दुकानात नुसतं सीट म्हटलं तर तो अख्खं कमोड दाखवायला लागेल, "सीट कव्हर" म्हणा.

आता कुठलं घ्यायचं. साधारण दोन जातीचं प्लास्टिक मिळतं. एक पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, हलकं, थोडं वाकतं, सहसा फुटत नाही पण पातळ असलं तर कुरकुर करतं आणि चरे पडून पिवळट दिसायला लागतं. दुसरं यूएफ, युरिया फॉर्मल्डिहाइड, बाबा तुम्हाला हे चांगलं माहितीये, जुने पांढरे स्विच आणि प्लग ज्याचे यायचे तेच, कडक, चकचकीत, चरे पडत नाहीत, वाकत अजिबात नाही, पण जोरात आपटलं तर टवका उडतो. मला विचाराल तर आपल्यासाठी यूएफ घ्या, हायड्रॉलिकवालं. ज्यांना बसताना आधार लागतो त्यांच्याखाली सीट लवचीक नको, घट्ट हवी. आणि आपटण्याची भीती हायड्रॉलिकमुळे जाते, सीट सोडली की सावकाश, आपली आपण खाली येते. आई, तुझी बोटं सांध्यांमुळे आखडतात, वरून सीट धप्पकन पडून बोट चेमटायचा प्रकार होणार नाही. फक्त एक, ती खाली येत असताना हाताने दाबायची नाही. आत घट्ट तेलासारखं भरलेलं असतं, ते हळू सरकतं म्हणून वेग कमी होतो, दाबत राहिलं की ते यंत्र बिघडतं आणि मग ती साध्या सीटसारखी आपटायला लागते. पैसे थोडे जास्त पडतील, मी पाठवतेय, त्यावर वाद नको.

मऊ गादीवाली अजिबात नको, दुकानात बसून छान वाटते पण शिवणीतून पाणी आत जातं आणि वास धरते, आपल्याकडे जेटचं पाणी उडणारच.

खरा अडकलेला प्रश्न उंचीचा आहे, यावर मी खूप विचार केला. बाबांचे गुडघे बघता सीट उंच हवी, चार इंच वाढवणारं रायझर मिळतं, पॉटवर बसवायचं, उठताना गुडघ्यावर जोर कमी येतो. पण आई जेमतेम पाच फूट, चार इंच वर गेलं तर तिचे पाय जमिनीला टेकणार नाहीत, आणि पाय लोंबकळत असले की तोलही नाही आणि पोटाला जोरही नाही. एकाला सोयीचं ते दुसऱ्याला धोक्याचं. रोज काढ-घाल करायचं म्हटलं तर त्याचे क्लॅम्प ढिले राहणार, रात्री अंधारात कोण घट्ट करणार. म्हणून माझं मत, उंची आहे तीच राहू दे आणि भिंतीला दांडा लावूया.

आई, आत्ता तू टॉवेलच्या रॉडला धरून उठतेस. मी बघितलंय, त्याचा एक स्क्रू बाहेर आलाय. तो रॉड टॉवेलचं वजन धरायला असतो, माणसाचं नाही, एक दिवस भिंतीतून निघून हातात येईल. आधाराचा दांडा वेगळा येतो, जाड स्टीलचा, हात घसरू नये म्हणून खरखरीत, दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रूंची तबकडी. बॉक्सवर किती किलो वजन पेलतो ते लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. लावताना प्लंबरला सांगा, स्क्रू टाइल आणि प्लॅस्टर पार करून विटेत गेले पाहिजेत, आणि टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेव, टाइल पार झाली की मग लाव, नाहीतर टाइल तडकते. उंची त्याच्या अंदाजाने नको. बाबांना बसवा, मग आईला बसवा, उठताना हात आपोआप कुठे जातो तिथे पेन्सिलीने खूण करा, दोन खुणा दूर आल्या तर तिरका लावा, वरचं टोक बाबांचं, खालचं आईचं. "हॉस्पिटलसारखं दिसेल" हे बाबा म्हणणार मला माहितीये. दिसू दे ना. घरी येणारे पाहुणे काय बघतात यापेक्षा तुम्ही दोघं रात्री दोन वाजता काय धरता हे मला महत्त्वाचं आहे.

सीट बसवायचं काम पाऊण तासाचं आहे, नवीन सीट घरी आल्याशिवाय जुनी काढू नका, आणि सकाळी सगळं आटोपल्यावर करायला घ्या. पॉटच्या खाली हात घातला की दोन नट लागतात. आपले बोल्ट लोखंडी आहेत आणि बोअरिंगच्या पाण्याने गंजलेत, क्षारांचा पांढरा थर बसलाय, म्हणून आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. पक्कडने फिरले तर उत्तम, नाहीतर आरीच्या पात्याने बोल्ट कापायचा, पण खाली पुठ्ठा ठेवून, पॉटवर ओरखडा यायला नको. हातोडी अजिबात मारू देऊ नका, चिनीमातीला एकदा तडा गेला की सीट राहिली बाजूला, अख्खं पॉट बदलावं लागेल. नवीन बसवताना रबरी वायसर विसरायचे नाहीत, दोन्ही नट आधी अर्धवट लावायचे, सीट पुढे-मागे सरकवून चारी बटणं काठावर टेकतायत ना बघायचं, मग हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस्स. जास्त आवळलं तरी पॉट चिरतं. आठ दिवसांनी परत एकदा बघा, सुरुवातीला थोडं ढिलं होतंच.

आणि आई, संडास धुतेस तेव्हा ॲसिडवालं क्लीनर पॉटच्या आतच, सीटवर आणि बिजागरीवर नको, ते स्टील खातं. सीटला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय, पण तोपर्यंत थांबू नका, एवढे दिवस त्या भेगेवर नको. दादाशी बोलून ठेवलंय, तो रविवारी मोकळा आहे, सकाळी पोहे खाऊन लगेच येतो म्हणालाय. टेप बाबांच्या टेबलाच्या डावीकडच्या खणात आहे, मी निघताना तिथेच ठेवली. उद्या रात्री नऊला फोन करते, चारही आकडे मला सांगा, मी वहीत लिहून घेते. आणि बाबा, आज रात्री तांब्या रिकामा करा, मधल्या दिवसांसाठी आतल्या दिव्याचं बटण चालूच ठेवा, बिल काही फार येत नाही, हे तर तुमच्याइतकं कोणाला माहीत.

तुमची,
चिऊ